मोटारसायकलचे हँडल अडखळते तेव्हा : स्टेअरिंग बेअरिंगची झीज आणि ग्रीसचे काम

देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकींची विक्री झाली. यातील प्रत्येक दुचाकीच्या हँडलच्या मुळाशी, चौकटीच्या पुढच्या टोकाला, एक वर आणि एक खाली अशी दोन बेअरिंग बसविलेली असतात. इंजिनातील तेल, साखळी, ब्रेक आणि टायर यांची विचारपूस बहुतेक मालक करतात. या दोन बेअरिंगची आठवण मात्र हँडल हातात अडखळू लागेपर्यंत कोणाला होत नाही. कारखान्यात भरलेले ग्रीस अनेक गाड्यांमध्ये पुढे कधीच बदलले जात नाही. ते सुकते, पाण्याबरोबर निघून जाते, पोलाद पोलादावर घासू लागते आणि अखेर गाडीचा तोल ज्यावर अवलंबून आहे ती हालचालच बिघडते.

गॅरेजच्या भाषेत या भागाला ‘कोनसेट’ किंवा ‘बॉल रेसर’ म्हणतात. रचना साधी आहे. चौकटीच्या तोंडाशी एक आखूड, जाड नळी असते. पुढच्या फोर्कचे दोन्ही पाय ज्या खालच्या ‘टी’मध्ये पकडलेले असतात, त्या टीचा दांडा या नळीतून वर जातो. दांडा आणि नळी यांच्यामध्ये वरच्या व खालच्या टोकाला पोलादी वाट्या आणि त्यांत फिरणारे छर्रे असतात. वरून एक नट ही सारी जुळणी योग्य दाबाखाली धरून ठेवतो आणि त्यावरचा दुसरा नट किंवा वरची टी त्याला जखडते. गाडीच्या पुढच्या भागाचे वजन, खड्ड्यांचे हादरे आणि ब्रेक दाबल्यावर पुढे झुकणारा भार हे सर्व या छर्ऱ्यांमधूनच चौकटीपर्यंत पोहोचते. खालच्या बेअरिंगवर भार अधिक पडतो. म्हणूनच काही मॉडेलांत खालचे छर्रे वरच्यांपेक्षा मोठे असतात.

हे बेअरिंग सैलपणे, पण कोणतीही फट न ठेवता फिरले पाहिजे, असा आग्रह का धरला जातो, हे समजण्यासाठी दुचाकी उभी कशी राहते ते पाहावे लागते. धावती दुचाकी कधीही पूर्णपणे सरळ नसते. ती क्षणोक्षणी एका बाजूला किंचित कलते आणि पुढचे चाक त्याच बाजूला किंचित वळून तिला पुन्हा सावरते. चाकांच्या फिरण्यामुळे हा तोल राहतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रायोगिक सायकलचे वर्णन प्रसिद्ध केले. चाकांच्या फिरण्याचा परिणाम आणि पुढच्या चाकाच्या मांडणीतून मिळणारा नेहमीचा स्थैर्यलाभ, हे दोन्ही त्या सायकलमध्ये काढून टाकलेले होते. तरीही ढकलून सोडल्यावर ती स्वतःचा तोल सांभाळत धावत राहिली. कलत्या बाजूकडे हँडल आपोआप वळणे, ही स्वयंस्थिर सायकलीची खरी खूण असल्याचे त्यातून दिसून आले.

मोटारसायकलही याच नियमाने चालते. वेगात असताना हँडलच्या या दुरुस्त्या फार लहान असतात, बहुधा चालकाच्या लक्षातही न येणाऱ्या. बेअरिंगमध्ये खाच पडली किंवा नट अवाजवी आवळला गेला, की नेमक्या याच सूक्ष्म हालचालींना अडथळा होतो. गाडी मग सरळ रस्त्यावरही डावी-उजवीकडे रेंगाळत जाते. चालकाला वाटते, टायर खराब झाला. किंवा वय झाल्यामुळे आपला हात थरथरतो आहे.

या बेअरिंगची झीज मोठी विलक्षण आहे. चाकाचे बेअरिंग मिनिटाला शेकडो फेरे घेते आणि तरी हजारो किलोमीटर टिकते. हँडलचे बेअरिंग मात्र एकही पूर्ण फेरा कधी घेत नाही. गाडी उभी करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले, तरी ते फिरते वर्तुळाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके. आणि रस्त्यावर धावताना तर काही अंशांपलीकडे जात नाही. म्हणजे प्रत्येक छर्रा महिनोन्‌महिने वाटीच्या एकाच ठिकाणी बसून जवळजवळ जागच्या जागी हलत राहतो. फिरत्या बेअरिंगमध्ये छर्रे ग्रीस पुढे ढकलतात आणि बाजूला गेलेले वंगण पुन्हा आत येते. येथे ते घडत नाही. संपर्कबिंदूतून एकदा दाबून बाहेर गेलेले ग्रीस शेजारीच साचून राहते आणि छर्ऱ्याखाली कोरडे पोलाद उरते. तेथे सूक्ष्म घर्षण सुरू होते, पोलादाचे कण सुटतात, त्यांना हवा लागून तांबूस भुकटी तयार होते आणि ती भुकटीच पुढे घासकामाच्या पावडरीसारखी काम करते. काही काळाने वाटीत प्रत्येक छर्ऱ्याखाली एक उथळ खळगा पडतो. हे खळगे नेमके हँडल सरळ असतानाच्या जागी असतात. हँडल मध्यावर आणले की सर्व छर्रे एकदम आपापल्या खळग्यात उतरतात आणि चालकाच्या हाताला हलकासा ‘टक’ जाणवतो.

अभियांत्रिकीत या झिजेला ‘फॉल्स ब्रिनेलिंग’ म्हणतात. पोलादी गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजण्याची पद्धत स्वीडनचे अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडली. त्या चाचणीत धातूवर उमटणाऱ्या खळग्यासारखाच हा खळगा दिसतो. मात्र तो भाराने चेपून नव्हे, तर झिजून पडलेला असतो, म्हणून ‘फॉल्स’. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेल्वेने पाठविलेल्या नव्याकोऱ्या मोटारगाड्यांच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये असे खळगे आढळू लागले, तेव्हा या प्रकाराकडे लक्ष वेधले गेले. गाड्या एकही मैल धावलेल्या नव्हत्या; रुळांच्या सांध्यांवरील अखंड हादऱ्यांनीच ते काम केले होते.

खरे ब्रिनेलिंगही हँडलच्या बेअरिंगला चुकत नाही. नट सैल झालेला असेल, तर प्रत्येक खड्ड्यात छर्रे वाटीपासून सुटतात आणि हातोड्याच्या घावासारखे पुन्हा तिच्यावर आदळतात. गतिरोधकावर पुढचा ब्रेक दाबून धरलेलाच असताना चाक आपटणे, टाकीवर किंवा हँडलला जड पिशव्या लावून कच्च्या रस्त्याने जाणे, या देशभर दिसणाऱ्या सवयी त्याला हातभार लावतात.

तिसरा शत्रू पाणी. भर पावसात चालवलेल्या गाडीपेक्षाही दाबाच्या फवाऱ्याने धुतलेल्या गाडीला त्याचा त्रास अधिक होतो, कारण पावसाचे पाणी वरून ओघळते, तर धुलाई केंद्रातील फवारा थेट सीलच्या फटीत शिरतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल खालच्या बेअरिंगला सतत लागत असतो आणि तेथील धूळरोधक रबर बहुतेकदा एक पातळ कडे एवढेच असते. कोकण, गोवा, केरळ किंवा तमिळनाडूच्या किनारपट्टीवर खारी हवा याला मिळते; लडाखच्या वाटांवर ओढे ओलांडताना खालच्या टीपर्यंत पाणी चढते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट नसते. ग्रीस दुधाळ, मग करडे आणि शेवटी गंजाच्या रंगाचे होते.

बिघाडाची लक्षणे तीन प्रकारची असतात आणि त्यांची गल्लत केल्यास उपाय उलटा होतो. बेअरिंग सैल असेल, तर पुढचा ब्रेक लावताना हँडलखाली ‘खट्’ असा आवाज येतो आणि वेग कमी होताना हँडल थरथरते. फाजील आवळलेले असेल, तर आवाज काहीच येत नाही; पण मंद गतीने चालवताना गाडी नागमोडी जाते आणि वळणातून बाहेर येताना हँडल स्वतःहून सरळ होत नाही. खळगे पडलेले असतील, तर मध्यावर अडखळ जाणवते. आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा नट फक्त आवळून देणे, हा यातील सर्वांत घातक उपाय म्हणावा लागेल. आवाज थांबतो, मालक समाधानाने जातो आणि आधीच खळगे पडलेल्या वाटीत छर्रे अधिकच घट्ट रुततात.

तपासणीसाठी गाडी खोलावी लागत नाही. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावून मागच्या बाजूला कोणी भार दिला किंवा इंजिनाखाली भक्कम टेकण दिले, की पुढचे चाक अधांतरी होते. त्यानंतर फोर्कचे दोन्ही पाय अगदी खालून धरून पुढे-मागे हलवावेत. त्याच वेळी दुसऱ्याने चौकटीची नळी आणि खालची टी यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. तेथे हालचाल जाणवली, तर बेअरिंग सैल आहे. बोटाखाली काही जाणवत नसूनही खटखट होत असेल, तर दोष फोर्कच्या बुशमध्ये, चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा ब्रेकच्या कॅलिपरमध्ये शोधावा. मग हँडल एका बोटाने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावे. खरखर, अडखळ किंवा मध्यावरचा टक येथे स्पष्ट कळतो. शेवटी हँडल मध्यापासून किंचित ढकलून सोडावे. निरोगी बेअरिंगवर ते स्वतःच्या वजनाने बाजूला पडत जाते. केबल आणि वायरिंगचा ताण कधीकधी त्याला अडवतो, एवढे ध्यानात ठेवावे. चालत्या गाडीवर हात सोडून थरथर तपासण्याचा प्रकार मात्र काही चालक करतात, तो कधीही करू नये.

दोष केवळ सैलपणाचा असेल आणि हँडल सर्वत्र मऊ फिरत असेल, तर नट योग्य तेवढा आवळून काम भागते. खरखर असेल, तर जुळणी उतरवण्यावाचून पर्याय नाही. बहुसंख्य आधुनिक गाड्यांमध्ये या ठिकाणी ग्रीस-गनने ग्रीस भरण्याची सोय नसते. काही जुन्या मोटारसायकलींच्या नळीवर तशी निपल असे. बाहेरून तेल सोडण्याचा प्रयोग तर निरुपयोगीच, उलट ते तेल उरलेसुरले ग्रीस पातळ करून वाहून नेते.

कामाचा क्रम ठरलेला आहे. पुढचे चाक, मडगार्ड आणि ब्रेक कॅलिपर काढले जातात. कॅलिपर त्याच्या नळीवर लोंबकळू न देता दोरीने बांधून ठेवावा लागतो. हँडल उतरवून टाकीवर जाड फडक्यावर ठेवताना ब्रेक ऑइलची डबी सरळ राहील याची काळजी घेतली जाते, कारण हे द्रव रंगावर सांडले तर रंग सोडवते. वरची टी निघाल्यावर हुकाच्या पान्याने नट सैल केला जातो आणि या क्षणी खालची टी एका हाताने तोलून धरावीच लागते. सुटे छर्रे असलेल्या गाडीत ती अचानक खाली सरकली, की छर्रे जमिनीवर विखुरतात. अनुभवी कारागीर आधीच खाली मोठे कापड अंथरतात आणि निघालेले छर्रे वरचे व खालचे असे वेगळ्या वाट्यांत मोजून ठेवतात.

त्यानंतर सर्व भाग रॉकेलने स्वच्छ धुऊन कोरडे करून उजेडात पाहावे लागतात. वाटीच्या मार्गावर नखाचे टोक फिरवावे. नख अडकले, की ती वाटी बाद. डोळ्यांना केवळ सावलीसारखे दिसणारे ठिपकेही रस्त्यावर जाणवतात. गंजाचे खड्डे पडलेला किंवा चमक गेलेला छर्राही परत वापरू नये. नवे छर्रे जुन्या वाटीत घालून पैसे वाचवण्याची पद्धत रूढ आहे. परंतु खळगे वाटीत असतात, छर्ऱ्यांत नव्हे, त्यामुळे ती बचत फसवी ठरते. वाट्या आणि छर्रे यांचा पूर्ण संचच बदलावा.

नळीतील जुन्या वाट्या आतून लांब पहारीसारख्या दांड्याने आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोकून बाहेर काढल्या जातात. नवी वाटी बसवण्यापूर्वी काही तास फ्रीजरमध्ये ठेवली, तर ती किंचित आकुंचन पावते आणि सहज बसते. ठोकताना जुनी वाटी तिच्यावर पालथी ठेवून घाव द्यावा. छर्रे जेथून धावणार त्या गुळगुळीत पृष्ठभागाला हातोडा लागता कामा नये. वाटी पूर्ण टेकली, की ठोकण्याचा आवाज बदलून भरीव होतो. ती तिरकी किंवा अर्धवट बसली, तर पुढचे सारे कष्ट वाया जातात, कारण काही किलोमीटरांतच ती खाली बसते आणि हँडल पुन्हा सैल होते.

ग्रीसची निवड हा गॅरेजमध्ये सर्वांत कमी विचार होणारा विषय. ग्रीस म्हणजे मुख्यतः तेलच. साबणासारख्या एका घट्ट पदार्थाच्या जाळीत ते स्पंजमधील पाण्यासारखे धरलेले असते. जुन्या काळी चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्यात टिकत असे, पण उष्णता सोसत नसे. सोड्याच्या साबणाचे उष्णता सोसे, पण पाण्यात विरघळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलेल्या लिथियम साबणाच्या ग्रीसने दोन्ही उणिवा बऱ्याच अंशी दूर केल्या. त्यामुळे ते ‘मल्टिपर्पज’ म्हणून जगभर पसरले आणि भारतातील दुकानांत ‘एमपी ग्रीस’ या नावाने मागितले जाऊ लागले. ग्रीसचा घट्टपणा अमेरिकेतील नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या क्रमांकांनी दर्शवतात. त्यातील २ क्रमांकाचे, लोण्याइतके घट्ट लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस या कामाला योग्य असते. हँडलच्या बेअरिंगला उष्णता जवळजवळ नसते. त्यामुळे डब्यावरील तापमानाच्या आकड्यापेक्षा पाण्याला तोंड देण्याची क्षमता पाहावी. मोठा दाब सोसणारी मिश्रणे असलेले, म्हणजे ‘ईपी’ असे लिहिलेले ग्रीस अधिक चांगले. किनारपट्टीच्या गावांत बोटींसाठी मिळणारे पाणीरोधक ग्रीसही उत्तम चालते. मात्र वेगवेगळ्या जातींची ग्रीसे एकमेकांत मिसळली, तर काही वेळा दोन्ही पातळ होऊन वाहतात. जुने ग्रीस पूर्ण काढण्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

प्रमाणाबाबत येथे नेहमीचा नियम उलटतो. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये फार ग्रीस भरले, तर ते घुसळले जाऊन तापते. म्हणून तेथे जागा मोकळी ठेवतात. हँडलच्या बेअरिंगमध्ये घुसळणे संभवत नाही, तेव्हा सढळ हाताने भरावे. जादा ग्रीस सीलभोवती राहून पाणी अडवण्याचे काम करते. सुट्या छर्ऱ्यांच्या रचनेत आधी वाटीत ग्रीसचा जाड थर द्यावा आणि त्यात छर्रे एकेक चिकटवत जावे. संख्या उत्पादकाने सांगितल्याइतकीच असावी. शेवटी थोडी जागा उरते म्हणून एक छर्रा जास्त कोंबला, तर सगळे एकमेकांवर घासून अडकतात. निमुळत्या रोलरचे बेअरिंग असेल, तर तळहातावर ग्रीस घेऊन त्याची रुंद कड त्यात दाबत राहावी. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीस डोकावू लागले, की ते पूर्ण भरले. दांड्यालाही ग्रीसचा पातळ हात फिरवावा, कारण नळीत साठणारी ओल त्यालाच गंजवते.

निमुळत्या रोलरचा संच अनेक मॉडेलांसाठी बाजारात स्वतंत्र मिळतो आणि खराब रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीसाठी त्याचा विचार जरूर करावा. छर्रा वाटीला एका बिंदूत टेकतो, रोलर एका रेषेत. तोच भार मोठ्या जागेवर विभागला गेल्याने खळगे पडायला बराच अधिक काळ लागतो. मात्र संच त्याच मॉडेलचा हवा, कारण उंचीतील लहानशा फरकानेही वरच्या टीची आणि नटाची बैठक बिघडते.

जुळणीतील खरे कौशल्य नट आवळण्यात आहे. उत्पादकाच्या सेवा-पुस्तिकेत त्यासाठी ठरावीक पिळाचे आकडे दिलेले असतात आणि ते मॉडेलगणिक बदलतात. पद्धत साधारण सारखीच : नट आधी थोडा जास्त आवळून हँडल पाच-सात वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचे, म्हणजे छर्रे आणि वाट्या आपापल्या जागी बसतात, मग नट सैल करून ठरलेल्या हलक्या पिळावर आणायचा. येथे एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. वरच्या टीचा मोठा नट आवळला, की तो दांड्याला वर ओढतो आणि खालच्या नटाचा दाब बदलतो. म्हणून सर्व काही आवळल्यानंतर, फोर्क आणि चाक लागल्यावर, पुढे-मागे हलवण्याची आणि बाजूला पडण्याची तपासणी पुन्हा करावी लागते. काम बरोबर झाले असेल, तर फट शून्य असते आणि हँडल एका बोटाने फिरते.

साध्या प्रवासी मोटारसायकलीच्या कोनसेटची किंमत काही शे रुपयांच्या घरात असते. खर्च मुख्यतः मजुरीचा, कारण गाडीचा सारा पुढचा भाग उतरवावा लागतो. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये हे काम टळते ते याच कारणाने. दिवसभर घरपोच वस्तू पोहोचवणाऱ्या चालकाची गाडी अर्धा दिवस गॅरेजात राहणे म्हणजे त्याची अर्ध्या दिवसाची कमाई जाणे. अशा चालकांनी टायर किंवा पुढच्या फोर्कचे ऑइल सील बदलण्याच्या वेळीच हे कामही सांगितले, तर चाक आणि फोर्क तसेही उतरलेले असतात आणि मजुरी दोनदा पडत नाही. सांगताना ‘हँडल टाइट करा’ असे न म्हणता ‘कोनसेट उघडून वाट्या दाखवा’ असे म्हणावे.

नव्या वाट्या पहिल्या काही शे किलोमीटरांत किंचित खाली बसतात. त्यामुळे सुमारे ५०० ते १००० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा डबल स्टँडवर घेऊन फट तपासावी आणि गरज असल्यास नट थोडा आवळून घ्यावा. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला, तसेच पावसाळा संपल्यावर एकदा, एवढीच तपासणी पुरते. तिला पाच मिनिटे लागतात आणि कोणतेही हत्यार लागत नाही.